खंडेनवमीची साफसफाई

मी दुरुस्तीला गेले की दार उघडणारा माणूस आधी माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. फाटकापाशी कोणी पुरुष दिसला नाही की विचारायचा, "सायब मागनं येत्यात व्हय?" मी म्हणायचे, "साहेब बँकेत गेलेत. कॉम्प्युटर कुठंय?" मग सगळं घर माझ्याभोवती गोळा व्हायचं. मी पेटीचे स्क्रू काढायला लागले की कोणीतरी "बाई, करंट बसंल हां" असं बजावायचं, आणि यंत्र सुरू झालं की तोच माणूस कुंपणावरून शेजाऱ्याला ऐकवायचा, "आमच्याकडं कॉम्प्युटरच्या बाई येत्यात." नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सांगली-मिरजेपासून पार कवठे महांकाळपर्यंत, आणि माहेर साताऱ्याचं असल्यामुळे अधूनमधून तिकडेही, मी याच नावानं फिरले. खरं सांगायचं तर माझ्या पदविकेपेक्षा मला हे नाव जास्त आवडायचं.

त्या दिवसांत एक दुखणं खास माझ्याकडे यायचं, कारण बाकीचे दुरुस्तीवाले ते हातात धरायचे नाहीत. एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. त्याला उठवून कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था, ती ऑपरेटिंग सिस्टिम. बहुतेक घरांत विंडोज असायची. लिनक्स नावाची दुसरी एक फुकट मिळायची, एका इंग्रजी मासिकाबरोबर तिची सीडी यायची, आणि हौशी लोक ती विंडोजच्या शेजारी बसवायचे. एका घरात दोन चुली मांडाव्यात तसंच ते. डिस्कचे भाग पाडायचे, एकात ही नांदते, दुसऱ्यात ती. कॉम्प्युटर सुरू केला की एक छोटासा प्रोग्रॅम दारातच विचारतो, कोणाकडे जायचंय? मी त्याला दारवान म्हणायचे.

भानगड व्हायची ती या दारवानाची. कोणी विंडोज नव्यानं बसवली की ती त्याला न विचारता हाकलून द्यायची आणि स्वतःच दार अडवून बसायची. मग लिनक्सवाला माणूस ऊर बडवत माझ्याकडे यायचा की आमचं सगळं गेलं. गेलेलं काहीच नसायचं. आतली चूल जागच्या जागी असायची, तिच्याकडे जायची वाट तेवढी बुजलेली असायची. दारवान परत आणून बसवला की काम झालं, आणि हे काम समोर ठेवलेला चहा गार व्हायच्या आत उरकत असे.

मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला फोनवर रीतसर लक्षणं सांगितली होती. "काल संध्याकाळपर्यंत प्रकृती ठणठणीत. मग विंडोजचा नवा डोस दिला. तेव्हापासून लिनक्स प्रतिसाद देत नाही." मी गेले तर हे आपले दवाखान्यातले पेशंट बाहेर बसवून माझ्यामागे उभे. "वाचेल ना?" म्हणाले, आणि त्या आवाजात थट्टा मुळीच नव्हती. मी दारवान बसवला, दोन्ही व्यवस्था उठवून दाखवल्या. डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला आणि विचारलं, "टाके काढायला कधी येताय?" अशा गिऱ्हाइकांवर जीव जडतो हो.

पाचगणीच्या एका शाळेतले भूगोलाचे सरही असेच. तिथल्या पावसाळ्यात फ्लॉपीला, म्हणजे नकला साठवायच्या चपट्या चकतीला, बुरशी चढायची, आत पांढरे ठिपके दिसायचे. सरांनी घरातल्या एका कपाटात दिवा कायमचा पेटता ठेवला होता. त्या उबेत वरच्या कप्प्यात त्यांची हार्मोनियम, मधल्यात फ्लॉप्या आणि खालच्यात त्यांच्या पत्नीचे पापड. त्यांच्या फ्लॉपीला पापडखाराचा वास यायचा, पण ती कधी दगा द्यायची नाही. मी पुढे कितीतरी जणांना या कपाटाची गोष्ट सांगितली.

पण ज्या कामापुढे माझी मान आजही लवते, ते दारवानाचं नव्हतं. तिथं चूलच मोडली होती.

तासगावच्या पुढं एका गावात द्राक्षबागेवाल्यांचं घर होतं. घरात आबा, म्हणजे फौजेतून हवालदार होऊन परतलेले घरचे कर्ते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे आईच म्हणत. बाग आणि हिशेब बघणारा धाकटा मुलगा प्रकाश. आणि थोरली सून विद्या. विद्याचा नवरा फौजेत, तिकडे पठाणकोटला. विद्या मूळची वाईची. सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. विषय कवठे महांकाळ तालुक्यातल्या विहिरींचं पाणी. आठवड्याचं कॉलेज संपलं की ही बाई एसटीनं त्या कोरड्या मुलखात जायची आणि विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल गेलं ते मोजायची. दोर धरायला गावातल्या बायका यायच्या आणि तिची चेष्टा करायच्या, "मोजल्यावर वाढतंय व्हय गं पानी?" ती त्यांच्याबरोबर हसायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. असं तिनं वर्षानुवर्षं केलं.

एवढ्या आकड्यांचं गणित घरातल्या विंडोजवर चालेना, मध्येच सगळं अडकून पडायचं. म्हणून तिनं मासिकाच्या सीडीवरून लिनक्स बसवली. स्वतः, पुस्तक मांडीवर घेऊन, मला न बोलावता. मला हे कळलं तेव्हा आधी थोडा राग आला आणि मग फार कौतुक वाटलं. लिनक्समध्ये ती काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून काम करायची, त्यामुळे घरात त्याला "वैनीचा काळा पडदा" असं नाव पडलं होतं. प्रबंध द्यायची मुदत तिला दोनदा वाढवून मिळाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती, आणि शेवटचा दिवस होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

खंडेनवमीच्या संध्याकाळी तिचा फोन आला. माझ्या दुकानातही पूजा झालेली, माझे पेचकस आणि मल्टिमीटर हळदीकुंकू लेवून पाटावर बसलेले.

"शुभाताई," ती म्हणाली, "डिस्कचा लिनक्सचा भाग काढून टाकलाय. फॉरमॅट केलेलं नाही. त्यानंतर मशीन कोणी चालू केलेलं नाही. परत येईल का?"

रडणं नाही, कोणाला शिव्या नाहीत. मला जे विचारायचं होतं त्याची उत्तरं तिनं आधीच गोळा करून ठेवली होती. मी म्हटलं, "येईलही. फक्त कोणी हात लावू नका." त्यावर ती कोरडं हसली. "आमच्याकडे आता उद्या संध्याकाळपर्यंत कोणी लावणारही नाही."

झालं होतं ते असं. खंडेनवमीला अवजारं पूजायची म्हणजे आधी ती स्वच्छ हवीत. त्या घरात छाटणीच्या कात्र्या घासल्या, फवारणीचा पंप धुतला, ट्रॅक्टरला आंघोळ घातली, कोयत्यांना तेल लावलं. कॉम्प्युटर प्रकाशकडे. त्यानं पडदा पुसला, कळफलकातली धूळ ब्रशनं काढली. मग त्याच्या मनात आलं, वरून चकाचक आणि आतून कचरा, असं अवजार देवीपुढं कसं ठेवायचं? तासगावला त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. डिस्कचे भाग दाखवणारा प्रोग्रॅम त्यानं उघडला, तर निम्म्या डिस्कवर लिहिलेलं 'नॉन-डॉस'. डॉस ही विंडोजच्या आधीची जुनी व्यवस्था, तिचाही पडदा काळाच. प्रकाशची समजूत अशी की वैनी काळ्या पडद्यावर काम करते म्हणजे डॉसमध्येच करते. तेव्हा डॉसला अजिबात धक्का लावायचा नाही, आणि जे डॉस नाही ते काढून टाकायचं. काढलं. मोकळ्या जागेचं काय करायचं ते सणानंतर बघू म्हणून मशीन बंद केलं, झेंडूचा हार घातला आणि आबांना पूजेला बोलावलं. संध्याकाळी विद्या कॉलेजातून आल्यावर त्यानंच मोठ्या हौसेनं तिला ही साफसफाई सांगितली होती.

दसऱ्याच्या सकाळी मी नवा फ्लॉपी ड्राइव्ह पिशवीत घालून निघाले. त्यांच्या घरचा पावसाळ्यापासून बिघडला होता. म्हणूनच तर शेवटच्या प्रकरणांची नक्कल कुठेच नव्हती, जे होतं ते त्या डिस्कवर. विद्या मला फाटकातच भेटली.

"आबांना काही सांगितलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "सणाचा दिवस. प्रकाशभाऊजींना ते फाडून खातील. भाऊजींनी मुद्दाम नाही केलं, ताई. आपण संध्याकाळी सोनं लुटून झाल्यावर करू."

"आणि संध्याकाळी वीज गेली की?" त्या गावात दिवेलागणीला वीज हटकून जायची. प्रबंध छापायलाच कितीतरी तास लागणार, सकाळी कोल्हापूरला विद्यापीठ गाठायचं, बांधणी करून घ्यायची.

"गेली तर मुदत जाईल," ती म्हणाली.

मला तिचा भयंकर संताप आला. इतक्या वर्षांची तंगडतोड, आणि ही एका दिराला बोलणी बसू नयेत म्हणून पाण्यात सोडायला निघालीय! मी काहीतरी तोडून बोलणार, एवढ्यात ओसरीवरून आबांचा आवाज आला.

"या बाई. सणाच्या दिसाचं येणं केलंत, लय बरं वाटलं. पर काम न्हाई हां आज. सोनं लुटल्याबिगर ह्या घरात अवजाराला हात लागत न्हाई."

मी विद्याकडे बघितलं, ती जमिनीकडे. अंगणात दाराला तोरण बांधत असलेला प्रकाश मात्र स्टुलावरून खाली उतरला. मला इथं आलेलं बघून त्याला काय कळायचं ते कळलं होतं. तो सरळ आबांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"आबा, बाई माझ्यापायी आल्यात. मी काल कॉम्प्युटर साफ केला, त्यात वैनीचं समदं काम गेलं. पुस्तक लिहिलेलं, हिरींचं गणित, समदं. परवा... न्हाई, उद्याच द्यायचंय तिला ते."

आईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता कानाखाली आवाज निघणार. आबा बोलले ते विद्याशी.

"तुला कवा कळलं?"

"काल संध्याकाळी."

"आन् रातच्याला आमाला ताटं वाढत हुतीस?"

  आबा उठले, पायात चपला घातल्या, परत काढल्या. म्हणाले, "फौजेत आमी पन खंडेनवमीला रायफली पूजेला लावायचो. समद्या पलटणीच्या. पर पहाऱ्यावर हुबा हाय त्येच्या हातातली रायफल कवा कुणी काढून पाटावर ठिवली न्हाई." मग प्रकाशकडे वळले. "तुझं मागनं बघतो. चल, वायर लाव."

त्यांनी आपल्या हातानं मॉनिटरवरचा हार उतरवला, देवीला हात जोडले आणि पुटपुटले, "आई, पोरगी पहाऱ्यावर हाय. रागवू नगंस." मी देवधर्मातली फारशी नाही, पण त्या क्षणी माझेही हात जोडले गेले.

मशीन सुरू केलं. दारवान होता, त्यानं नेहमीसारखं विचारलं, कोणाकडे जायचंय? लिनक्स म्हटल्यावर काही ओळी सरसरत आल्या आणि सगळं थांबलं. शेवटच्या ओळीत पॅनिक असा शब्द. प्रकाशचा चेहरा उतरला. विद्या आणि मी मात्र एकमेकींकडे बघून हसलो. आबांना कळेना या दोघी हसतायत कशाला. मी त्यांना सांगितलं, "आबा, लिनक्सचा मुख्य गडी उठून उभा राहिला. तो त्याच मोडलेल्या भागात झोपलेला होता. म्हणजे आतलं सामान तिथंच पडलंय. फक्त कुठून कुठवर आपलं आहे, हे सांगणारी नोंद पुसली गेलीय."

काम आता एवढंच, की त्या भागाची हद्द होती तशी पुन्हा आखायची. केसभर इकडेतिकडे झाली तरी आतलं काही वाचता येत नाही. मात्र नुसती हद्द आखून बघण्यानं आतल्या मालाला धक्का लागत नाही, तेवढा आधार. आम्ही मासिकाच्या सीडीवरून मशीन उठवलं. विंडोजचा भाग जिथं संपतो तिथून पुढं मी हद्द आखली आणि फक्त वाचण्यापुरतं उघडून बघितलं. उघडेना. पुन्हा बघितलं, तेच. मला घाम फुटला. खोलीत झेंडूचा आणि उदबत्तीचा वास कोंडलेला, दारात सगळं घर उभं, आणि पंखा लावावा हे कोणाच्या डोक्यात नाही.

"थांबा," विद्या म्हणाली. "तुम्ही कच्च्या कामाची जागा शेवटी धरलीत का?"

लिनक्सला स्वतःच्या कच्च्या कामासाठी डिस्कचा एक लहानसा वेगळा तुकडा लागतो. मी तो नेहमी शेवटी ठेवायचे, म्हणून मी तसंच धरलं होतं.

"मी आधी ठेवला होता," ती म्हणाली. डोळे मिटून बोलत होती. "मेमरीच्या दुप्पट ठेवा असं पुस्तकात होतं. तेवढाच ठेवला. म्हणजे माझा भाग तेवढं अंतर सोडून सुरू होईल. पण डिस्क अर्धवट माप घेत नाही, पुढच्या पूर्ण मापापर्यंत नेते."

तिनं बोटांवर हिशेब केला आणि मला आकडा सांगितला. मी हद्द आखली. उघडेना. ती म्हणाली, "एक घर पुढं." मी हद्द एक माप पुढं सरकवली. बटण दाबलं आणि यावेळी पडद्यावर चूक आली नाही. नुसती टिचकी मारल्यासारखी पुढची आज्ञा मागणारी खूण पुन्हा आली, बस्स. नवख्याला वाटेल काहीच झालं नाही. मी यादी मागवली आणि विहिरींच्या गावांची नावं एकाखाली एक उतरू लागली. नागज, ढालगाव, कुची. मग प्रबंधाची प्रकरणं, सगळी.

विद्या तेव्हा कुठं रडली. आईंनी तिला जवळ घेतलं. प्रकाश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी फ्लॉपी ड्राइव्ह जोडायला घेतला, कारण रडायला माझ्याकडे वेळ नव्हता, आधी नकला करायच्या होत्या. इतकी वर्षं मी लोकांची यंत्रं दुरुस्त केली, पण त्यावर कोण काय करतं हे विचारायची मला कधी सवयच नव्हती. त्या दिवशी छपाई सुरू असताना मी पहिल्यांदा विद्याला विचारलं, आणि तिनं मला एकेका विहिरीची गोष्ट सांगितली. किती घरांत मी हे न विचारताच चहा पिऊन आले, याची आजही हळहळ वाटते.

आबा खाटेवर बसून ऐकत होते. छपाईयंत्र खरखरत होतं, कागदाच्या घड्या प्रकाश एकावर एक सरळ लावत होता. दुपार कलली तेव्हा शेवटचं पान आलं. मी मशीन एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं, दोन्ही चुली पेटतायत का बघायला. दारवानानं विचारलं, आणि आम्ही बोलण्यात असल्यामुळे कोणी उत्तर दिलं नाही. थोडं थांबून विंडोज आपोआप सुरू झाली.

"हे कसं काय?" आबांनी विचारलं. "कुणी सांगितलं त्येला?"

मी म्हटलं, "कोणी काही दाबलं नाही तर कुणाला उठवायचं, ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. इथं विंडोज ठरवलीय."

"कुणी ठरवलं?"

"मीच," विद्या म्हणाली. "घरचा हिशेब त्यात आहे ना, आबा. तुम्हाला, भाऊजींना अडचण नको. मी माझं बटण दाबून जाते."

आबांनी छापलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. बराच वेळ त्यांनी तो तिथून काढला नाही.

"बाई," ते मला म्हणाले, "बदलता येतं का ते?"

"एका ओळीचं काम आहे."

"मग बदला. कुणी काय दाबलं न्हाई तर तिचं सुरू हुंद्या. हिशेबवाल्यानं दाबावं बटान."

मी कळफलक विद्यापुढं सरकवला. ती ओळ तिनंच बदलली. मशीन पुन्हा सुरू केलं, दारवानानं विचारलं, आणि सवयीनं प्रकाशचा हात पुढं आला. मग त्यानं तो मागं घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हातात धरून ठेवला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे राहिलो. वेळ संपली, आणि काळा पडदा आपोआप उघडला.